वेष, रूप आणि दप्तर

सयाम, म्हणजे आजचा थायलंड, या देशाचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सोनेरी कळसांचे विहार, काषाय वस्त्रे ल्यालेले भिक्षू आणि भाताची हिरवीगार खाचरे उभी राहतात. अलीकडे या चित्रमालिकेत आणखी एका चित्राची भर पडली आहे. पट्टाया नावाच्या समुद्रकाठच्या शहरात रंगमंच उजळलेला आहे, वाद्ये वाजत आहेत, आणि जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदली गेलेली, परंतु स्त्री म्हणून जगणारी एक सुंदरी डोक्यावर मुकुट धारण करून उभी आहे. परदेशी प्रवासी हा सोहळा तिकीट काढून पाहतो, छायाचित्र घेतो आणि घरी परतल्यावर सांगतो की, त्या देशात अशा माणसांना कसलाही जाच नाही. हे त्याचे म्हणणे कितपत खरे मानावे, आणि त्यात तथ्य असेल तर ही मोकळीक कोठून आली व ती कोठपर्यंत पोचते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रवाशाच्या पाहण्यावर विसंबून हा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी इतिहासकार आणि मानववंशशास्त्रज्ञ यांनी गेल्या चाळीसेक वर्षांत जे संशोधन केले, त्याच्याकडे वळले पाहिजे.

थाई लोक अशा व्यक्तीस 'कथोय' म्हणतात. हा शब्द मूळचा ख्मेर भाषेतील असावा असे मानतात. त्याच्या जोडीला 'साओ प्रफेत सोंग' असा दुसरा, अधिक सौम्य शब्दप्रयोगही आहे. 'साओ' म्हणजे तरुणी, 'सोंग' म्हणजे दोन, आणि 'प्रफेत' हा दुसरातिसरा कोणी नसून आपला 'प्रभेद' आहे. दुसऱ्या प्रभेदातील तरुणी, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु या सर्वांहून बोधप्रद शब्द आहे तो 'फेत'. स्त्री की पुरुष, हे विचारताना थाई मनुष्य 'फेत' कोणता असे विचारतो, आणि हा शब्द म्हणजे आपला 'वेष' होय. संस्कृतातील 'व' थाई उच्चारात पुष्कळ ठिकाणी 'फ' होतो आणि शब्दाच्या शेवटचा 'ष' 'त'सारखा उच्चारला जातो; त्यामुळे वेषाचा 'फेत' झाला. इतकेच नव्हे, तर गृहस्थाश्रमातील स्थिती आणि भिक्षूची स्थिती या दोहोंनाही थाई भाषेत 'फेत' असेच म्हणतात. प्रव्रज्या घेणारा मनुष्य गृहस्थाचा वेष टाकतो आणि प्रव्रजिताचा वेष स्वीकारतो. माणूस जगापुढे ज्या रूपाने उभा राहतो त्यावरून त्याचे स्थान ठरते, हा विचार त्या एका शब्दात साठवलेला आहे. केवळ व्युत्पत्तीवरून समाजाचा स्वभाव सांगणे धोक्याचे असते हे आम्ही जाणतो. तथापि या ठिकाणी इतिहासही त्याच दिशेने साक्ष देतो.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. उत्तर थायलंडातील लान्ना प्रदेशात 'पठममूलमूली' नावाची सृष्ट्युत्पत्तीची पोथी आहे. पेल्टिये या फ्रेंच अभ्यासकाने १९९१ साली ती भाषांतरासह प्रसिद्ध केली. तीत आरंभीच्या स्त्रीपुरुषांनी मातीपासून जी माणसे घडविली ती दोन नसून तीन होती : इत्थी, पुरिस आणि नपुंसक. ज्याच्या भाषेत पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन लिंगे नांदतात त्या मराठी माणसाला हे त्रिकुट ऐकून नवल वाटू नये. गंमत अशी की, थाई व्याकरणात नामाला लिंगच नाही. पण त्यांच्या पुराणकथेने मात्र माणसांतच तीन लिंगे मानली.

बौद्ध वाङ्मयातही याचे धागे सापडतात. धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्य नावाच्या गृहस्थाची कथा आहे. महाकच्चायन थेरांची कांती पाहून त्याच्या मनात अभिलाष उत्पन्न झाला आणि तो तत्क्षणी स्त्री झाला. पुढे क्षमा मागून पुन्हा पुरुष झाला. तो दोन मुलांचा पिता होता आणि दोन मुलांची माताही झाला. विनयपिटकाने मात्र 'पंडक' आणि 'उभयव्यंजनक' यांना संघाचे दार बंद केले, आणि थाई भाषेतील 'बंदो' हा शब्द त्या पंडकापासूनच आला. आधुनिक काळात बुन्मी मेथांगकून या अभिधम्माच्या अभ्यासकाने असे प्रतिपादन केले की, कथोय होणे हे पूर्वजन्मीच्या कामविषयक दुराचाराचे फळ आहे. परंतु अनंत जन्मांच्या फेऱ्यात आपण प्रत्येक जण कधी ना कधी कथोय होऊन गेलो आहोत, म्हणून कोणी कोणाला हिणवू नये. या शिकवणीत करुणा आहे हे खरे. पण ज्याच्याविषयी करुणा वाटते तो आपल्या बरोबरीचा आहे असे त्यातून निष्पन्न होत नाही, हेही तितकेच खरे.

कायद्याची साक्ष घ्यावयाची तर पहिल्या रामाच्या राजवटीत १८०५ साली सिद्ध झालेल्या 'तीन मुद्रांच्या कायद्या'कडे पाहावे. कोणाची साक्ष ग्राह्य धरू नये याची जी यादी त्यात आहे, तीत कथोय आणि बंदो या दोघांचाही उल्लेख येतो. येणेप्रमाणे जुन्या सयामात कथोयांना पुराणात जागा होती, लोकव्यवहारात नाव होते. पण संघात प्रवेश नव्हता आणि न्यायासनापुढे त्यांच्या शब्दाला वजन नव्हते. जुना काळ सगळा सोन्याचा होता आणि पुढे आधुनिकतेने तो नासविला, असे जे कधी कधी सांगण्यात येते, त्याला हा पुरावा आधार देत नाही.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. जॉन बौरिंग यांनी १८५५ साली सयामशी ब्रिटनचा तह केला आणि १८५७ साली त्या देशावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या सुमारास सयामात आलेल्या युरोपीय लोकांच्या लिखाणात एक तक्रार पुन्हा पुन्हा आढळते : या देशात पुरुष कोण आणि बाई कोण हे दुरून ओळखता येत नाही. कारण उघड होते. स्त्रीपुरुष दोघेही 'चोंग क्राबेन' नेसत. लांब वस्त्र कमरेला गुंडाळून त्याचे टोक पायांमधून मागे नेऊन खोवावयाचे, अशी ही नेसण असून आपल्याकडील काष्टा ज्याने पाहिला आहे त्याला ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. केसही दोघांचे आखूड कापलेले असत. सयामी माणसाला यात काही अडचण वाटत नव्हती. अडचण वाटली ती परकीयांना, आणि त्यांनी तिला रानटीपणा असे नाव दिले.

सयाम कोणाची वसाहत झाला नाही. पण ज्याच्या दोन्ही बाजूंना इंग्रज आणि फ्रेंच बसले होते, त्याला आपण सुसंस्कृत आहोत हे पदोपदी सिद्ध करून दाखवावे लागत होते. सहावा राम, म्हणजे वजिरावुध (राजवट १९१०-१९२५), याने स्त्रियांनी केस वाढवावेत आणि काष्ट्याऐवजी लुंगीसारखे 'फा सिन' नेसावे यास उत्तेजन दिले. त्याच्याच काळात १९१३ साली आडनावांचा कायदा झाला आणि १९१७ साली स्त्रियांच्या नावापूर्वी कोणती उपाधी लावावी याचे फर्मान निघाले. लग्न झालेली ती 'नांग', न झालेली ती 'नांगसाओ', आणि पुरुष तो 'नाय'. ही 'नांगसाओ' उपाधी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी आपल्याला काम आहे.

यानंतरचे पाऊल फिल्ड मार्शल फिबुनसोंगख्राम यांनी टाकले. १९३९ ते १९४२ या काळात त्यांच्या सरकारने बारा राष्ट्रीय आज्ञा काढल्या. देशाचे नाव सयामऐवजी थायलंड झाले ते याच मालिकेत. पुढे नागरिकांनी कोणता पोशाख करावा हेही सांगण्यात आले : बायकांनी टोपी आणि झगा किंवा फा सिन, पुरुषांनी पाटलोण आणि बूट. पुरुषांची नावे कोणती, स्त्रियांची कोणती, याचीही शिस्त लावण्याचा प्रयत्न झाला. पीटर जॅक्सन या ऑस्ट्रेलियन इतिहासकाराने या आज्ञांचा बारकाईने अभ्यास करून असे दाखविले आहे की, जो भेद पूर्वी पोशाखात फारसा दिसत नव्हता तो राज्यसत्तेने प्रयत्नपूर्वक दृश्य केला. बाई बाईसारखी आणि पुरुष पुरुषासारखा दिसला पाहिजे, हे राष्ट्रकार्य ठरले. याचा एक परिणाम असा झाला की, ज्याला पुरुषाच्या जागी राहावयाचे नाही त्याच्यापुढेही आता स्त्रीच्या वेषाचा एक तयार, ठसठशीत नमुना उभा राहिला. पूर्वी कथोय हा शब्द पुरुषी वळणाच्या स्त्रीलाही आणि उभयलिंगी शरीराच्या व्यक्तीलाही लागू पडत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आकसत जाऊन मुख्यतः स्त्रीवेषाने राहणाऱ्यांपुरता उरला. पुरुषी वळणाच्या स्त्रियांना 'टॉम' असे वेगळे नाव मिळाले. त्यांच्यावर मेगन सिनॉट यांनी २००४ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

येथे हिंदुस्थानशी तुलना करणे उपयोगी होईल. इंग्रजांनी आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत ३७७ वे कलम घातले आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांत हिजड्यांची पोलिसी नोंदवही उघडली. सयामनेही १९०८ च्या संहितेत निसर्गविरुद्ध संभोगाचे कलम घातले. पण ते परकीयांना आपला कायदा आधुनिक भासावा म्हणून. त्याचा वापर जवळजवळ झालाच नाही, आणि १९५६ च्या नव्या संहितेत ते गळून पडले. सयामी सत्तेचा डोळा शयनगृहापेक्षा रस्त्यावर अधिक होता. चार भिंतींच्या आत कोण काय करतो याची तिला फिकीर नव्हती. चारचौघांत तो कसा दिसतो याची होती. जॅक्सन यांनी याला रूपाची राजवट अशा अर्थाचे नाव दिले आहे. 'रूप' हा शब्दही थाई भाषेने आपल्याकडूनच नेलेला आहे.

जेथे रूपाला एवढे राजकीय महत्त्व आले, तेथे सौंदर्यस्पर्धेला ते आले नसते तरच आश्चर्य. २४ जून १९३२ रोजी जनपक्षाने राज्यक्रांती करून राजाची अनियंत्रित सत्ता संपविली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला राज्यघटना जाहीर झाली. घटना म्हणजे काय हे सामान्य प्रजेला कसे कळावे? त्यासाठी दरसाल घटनेचा उत्सव भरविण्यात येऊ लागला आणि १९३४ च्या उत्सवात बँकॉकच्या सरनरोम उद्यानात एक नवी गोष्ट झाली : 'नांगसाओ सयाम' म्हणजे कुमारी सयाम निवडण्याची स्पर्धा. कन्या थियेनसवांग ही पहिली विजेती. व्याख्यानाला न येणारा मनुष्य सुंदरी पाहावयास आला आणि येता येता घटनेचे दर्शन घेऊन गेला! देशाचे नाव बदलले तसे १९३९ मध्ये स्पर्धेचे नावही 'नांगसाओ थाई' झाले. १९५४ नंतर ती खंडित झाली, १९६४ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि त्या वर्षीची विजेती आफस्सरा होंगसकुल हिने १९६५ साली विश्वसुंदरीचा किताब मिळविला. १९८८ साली तो किताब पुन्हा थायलंडास मिळाला. आपल्याकडे हा मान प्रथम १९९४ साली आला, हे आठवले म्हणजे त्या देशाची या क्षेत्रातील ज्येष्ठता कळून येईल.

पेनी व्हॅन एस्टरिक या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्पर्धांचे मर्म चांगले उलगडले आहे. थाई समाजात 'कालथेस' नावाची एक कल्पना आहे. हा आपला 'काल-देश'. कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी, कोणापुढे कसे बसावे, कसे बोलावे, काय ल्यावे, याचे भान म्हणजे कालथेस. ज्याला हे भान आहे तो सभ्य. सौंदर्य हेही या भानाचेच अंग मानले जाते. बाहेरचे देखणेपण आतल्या सुसंस्कृतपणाची ग्वाही देते अशी समजूत आहे. म्हणून गावच्या विहाराच्या जत्रेपासून राजधानीपर्यंत 'नांग ङाम', म्हणजे सौंदर्यराणी, निवडण्याचा प्रघात पडला. तेथे केवळ नाकडोळे पाहिले जात नाहीत. चालणे, हात जोडून नमस्कार करणे, उत्तर देणे हे सर्व पाहिले जाते.

आता कथोय या मंचावर का आल्या हे सांगण्यास वेगळ्या युक्तिवादाची जरुरी उरत नाही. चालणे, बोलणे, नमस्कार, पोशाख हे सर्व शिकून साध्य होणारे आहे. थाई बोलण्यात पुरुष वाक्याच्या शेवटी आदरार्थी 'ख्रप' म्हणतो आणि स्त्री 'खा' म्हणते. कथोय 'खा' म्हणते, आणि ऐकणाऱ्यास त्यात काही विपरीत वाटत नाही. वेष ज्याने उत्तम निभावला त्याला त्या वेषाचा मान द्यावा, ही त्या समाजाची रीत असल्यामुळे जत्रांतून कथोयांच्याही स्पर्धा होऊ लागल्या. त्यांत भाग घेणाऱ्यांना आप्तेष्टांसमोर, विहाराच्या अंगणात, टाळ्यांच्या गजरात स्त्री म्हणून उभे राहता आले. ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे या स्पर्धांना व्यापाराची जोड मिळाली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिक सुट्टीसाठी पट्टायास येऊ लागले आणि कोळ्यांच्या त्या गावाचे पर्यटनस्थळ झाले. तेथे १९७४ साली टिफनी नावाची कथोय कलावंतांची रंगभूमी स्थापन झाली आणि १९८१ साली अल्काझार. टिफनीच्या वतीने होणारी 'मिस टिफनी' स्पर्धा १९९८ पासून दूरचित्रवाणीमुळे घरोघरी पोचली, आणि २००४ पासून पट्टायातच 'मिस इंटरनॅशनल क्वीन' ही जगभरच्या पारलिंगी स्त्रियांची स्पर्धा भरू लागली. तिची पहिली मानकरी त्रीचदा. हे नाव म्हणजे आपल्या रामायणातील त्रिजटा. पण थाई भाषेत 'चदा' म्हणजे मुकुट, तेव्हा नावातच मुकुट असलेल्या स्त्रीच्या मस्तकावर तो चढला असे म्हणता येईल.

या ठिकाणी एक इशारा देणे अवश्य आहे. कथोय म्हणजे थायलंडातील हिजडे, असे समीकरण आपल्याकडे सहज मांडले जाते. ते बरोबर नाही. आपल्याकडे हिजड्यांचा पंथ आहे, घराणी आहेत, गुरु-चेल्यांची परंपरा आहे, देवीची उपासना आहे, आणि पंथात प्रवेश करताना बहुधा जन्माचे घर सुटते. कथोयांना असा पंथ नाही. ती आपल्या आईबापांच्या घरी वाढते, शाळेत जाते, दुकानात, शेतावर किंवा कचेरीत काम करते, आणि मिळकतीतून आईवडिलांना पैसे पाठविते. कोठे कोठे, विशेषतः उत्तरेत, कथोय अंगात येणाऱ्या देवऋषीचे कामही करतात. पण तो त्यांचा बंधनकारक धर्म नव्हे.

अभ्यासकांतही या विषयावर एकमत नाही. रोझलिंड मॉरिस यांनी १९९४ साली असे मांडले की, स्त्री, पुरुष, कथोय ही जुनी त्रिविध व्यवस्था आणि पाश्चात्त्य वळणाची नवी लैंगिक ओळख या दोन निरनिराळ्या व्यवस्था आज तेथे एकमेकींशेजारी वावरत आहेत. जॅक्सन यांना हे मान्य नाही. जुने आणि नवे असे दोन कप्पे पाडता येत नाहीत, आजची कथोय ही स्वतःच आधुनिक काळाची निर्मिती आहे, असे त्यांचे म्हणणे. रिचर्ड टॉटमन यांनी २००३ च्या ग्रंथात आणि कोस्टा व मॅट्झनर यांनी २००७ च्या ग्रंथात कथोय तरुणांची आत्मकथने पुढे आणली, तेव्हा वादाला माणसांचा आवाज मिळाला. आमच्या मते जॅक्सन यांचे एक सूत्र सर्वांत टिकाऊ आहे. थाई समाज सहन करतो, परंतु स्वीकारत नाही, असे त्यांनी १९९९ साली म्हटले. त्यातील भेद पुढील घटनांवरून स्पष्ट होईल.

१९९६ साली लांपांग प्रांताच्या व्हॉलीबॉल संघाने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. संघात बहुसंख्य खेळाडू कथोय किंवा समलिंगी होते. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, पुढे २००० साली त्यांच्यावर चित्रपट निघून तो तुफान चालला. परंतु राष्ट्रीय संघात त्यांची निवड होण्याची वेळ आली तेव्हा देशाचे रूप परदेशात कसे दिसेल हा प्रश्न आड आला. त्याच १९९६ च्या अखेरीस राजभट या शिक्षक तयार करणाऱ्या संस्थांनी समलिंगी आणि कथोय विद्यार्थ्यांना प्रवेश न देण्याचे जाहीर केले. निषेधाचा गदारोळ झाल्यावर १९९७ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. मंचावर टाळ्या देणाऱ्या समाजाला ती वर्गात नको होती.

सैन्यभरतीचे उदाहरण याहून बोलके आहे. थायलंडात दर एप्रिल महिन्यात तरुणांना भरतीसाठी बोलावण्यात येते. स्वयंसेवक पुरेसे नसले म्हणजे चिठ्ठी काढावी लागते : तांबडी निघाली तर सैन्यात, काळी निघाली तर सुटका. ज्यांच्या कागदावर 'नाय' लिहिले आहे अशा सर्व कथोयांना या रांगेत उभे राहावे लागते, आणि वृत्तपत्रे त्यांची छायाचित्रे हौसेने छापतात. वैद्यकीय तपासणीनंतर त्यांना सूट मिळे. पण कित्येक वर्षे त्या सूटपत्रावर कारण म्हणून 'कायमचा मनोविकार' असे लिहिलेले असे. हाच कागद पुढे नोकरीसाठी दाखवावा लागे. ज्या मुलीच्या गळ्यात काल फुलांच्या माळा पडल्या, तिच्या हातात सरकारने वेडाचा दाखला दिला! २००६ साली या शेऱ्याविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दाद मागण्यात आली आणि २०११ मध्ये न्यायालयाने तो अन्यायकारक ठरविला. त्यानंतर कागदावरचे शब्द बदलले.

येथे 'नांगसाओ'ची गोष्ट पूर्ण होते. सौंदर्यस्पर्धा जिला म्हणते ती 'नांगसाओ', आणि ओळखपत्रावर अविवाहित स्त्रीच्या नावापूर्वी लिहिली जाते तीही 'नांगसाओ'. मंचावरचा शब्द आणि दप्तरातला शब्द एकच आहे. पण मुकुट जिंकलेल्या कथोयेच्या ओळखपत्रावर 'नाय', म्हणजे श्री, हीच उपाधी राहते. पारपत्र तपासणारा अधिकारी कागद पाहतो, माणूस पाहतो, आणि तिला बाजूला थांबण्यास सांगतो. रुग्णालयात कागद पाहून तिला पुरुषांच्या दालनात खाट मिळते. २००८ साली विवाहित स्त्रियांना 'नांग' की 'नांगसाओ' हे निवडण्याची मुभा कायद्याने मिळाली. कथोयांना ती मिळाली नाही. २०१५ च्या स्त्रीपुरुषसमानतेच्या कायद्याने जन्मलिंगाहून वेगळ्या रूपाने राहणाऱ्यांविरुद्धचा भेदभाव निषिद्ध ठरविला. २०१९ मध्ये थाई संसदेत प्रथमच पारलिंगी सभासद निवडून आले. परंतु आपले लिंग व उपाधी कागदोपत्री बदलता यावी यासाठी आलेले विधेयक फेब्रुवारी २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहाने फेटाळले. त्याच वर्षी विवाहसमानतेचा कायदा संमत झाला आणि २३ जानेवारी २०२५ पासून कोणत्याही दोन प्रौढ व्यक्तींना परस्परांशी विवाह करता येऊ लागला. म्हणजे कथोयेला आपल्या पुरुष जोडीदाराशी कायदेशीर लग्न करता येते. मात्र विवाहनोंदीत तिच्या नावापूर्वी 'नाय' असते.

यापुढची विसंगती तर कादंबरीत शोभावी अशी आहे. २०१८ सालची विश्वसुंदरी स्पर्धा बँकॉकमध्ये भरली, आणि तिच्या इतिहासात प्रथमच एक पारलिंगी स्त्री, स्पेनची प्रतिनिधी, त्या मंचावर चालली. २०२२ साली ॲन जक्राजुतातिप या थाई पारलिंगी उद्योजिकेच्या कंपनीने दोन कोटी डॉलर मोजून ती स्पर्धा चालविणारी संस्थाच विकत घेतली. पुढच्याच वर्षी ती कंपनी आर्थिक अडचणीत सापडली, हा भाग वेगळा. परंतु जगातील सर्वांत प्रसिद्ध सौंदर्यस्पर्धेची मालकी जिच्या कंपनीकडे आली, तिला स्वतःच्या देशात 'नांगसाओ' म्हणून नोंद करून घेता येत नव्हती.

मग या सर्व इतिहासाचा अर्थ काय लावावा? काही विचारवंत म्हणतील की, सौंदर्यस्पर्धा हा बाजार आहे आणि त्याने कथोयांना शोभेची वस्तू करून टाकले. काही म्हणतील की, याच स्पर्धांनी त्यांना प्रतिष्ठा दिली. आम्हांस दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. ज्या समाजाने लिंगाला वेष हेच नाव दिले, त्याने वेष निभावणाऱ्याला एक दार उघडे ठेवले. ते दार आपल्याकडे त्या काळी नव्हते. त्या दाराने पुष्कळ जणी आत आल्या, त्यांनी घर चालविले, आईबापांचा अभिमान मिळविला. हे श्रेय त्या संस्कृतीस दिलेच पाहिजे. परंतु हे दार रूपाच्या मापाचे आहे. जी धिप्पाड आहे, काळीसावळी आहे, जिचे वय झाले आहे, जिच्यापाशी प्रसाधनाला आणि शस्त्रक्रियेला पैसा नाही, तिने काय करावे? तिच्यासाठी थाई भाषेत 'कथोय ख्वाय', म्हणजे कथोय-रेडा, अशी शिवी आहे, आणि चित्रपटात विनोदी पात्राची भूमिका आहे. सुंदर दिसेल तिला मान, आणि न दिसेल तिचे हसे, हा न्याय नव्हे. ती बक्षीसवाटणी झाली.

या संदर्भात एक घटना आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. २००९ साली 'मिस टिफनी'चा मुकुट जिंकलेल्या व्यक्तीने २०१३ मध्ये दक्षिणेतील सोंगख्ला प्रांतात भिक्षूची दीक्षा घेतली. शस्त्रक्रियेने घडविलेले उरोज काढून टाकून, मुंडन करून, काषाय वस्त्र धारण केले. 'फेत' पुन्हा एकदा बदलला. वेष बदलण्याची ही मुभा त्या समाजाच्या हाडीमासी किती मुरलेली आहे, हे यावरून दिसते. पण हेही दिसते की, ज्या क्षणी वेष बदलला त्या क्षणी आधीच्या वेषाचा मान मागे राहिला. वेषाने दिलेले वेषाबरोबर जाते. दप्तराने दिलेले तसे जात नाही. नागरिक सुंदर असो वा कुरूप, तरुण असो वा वृद्ध, त्याचे नाव तेथे तसेच राहते.

म्हणून थायलंडातील हा प्रश्न शेवटी सौंदर्याचा उरत नाही, नोंदवहीतल्या एका शब्दाचा होऊन बसतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख दिली. पण ओळख मिळालेल्या माणसाला आपल्या आळीत भाड्याने खोली मिळते काय, हे आपण आपल्या मनाशीच विचारावे. तिकडे मंच आहे आणि दप्तर नाही. इकडे दप्तर उघडले, पण दारे मिटलेली आहेत. टाळी आणि सही या दोन्ही गोष्टी माणसाला लागतात, आणि एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही, हा सयामच्या इतिहासाचा धडा आहे. तो केवळ सयामपुरता नाही, हे सुज्ञ श्रोत्यांस वेगळे सांगणे नको.